ठिगळाचं धुराडं

सत्यनारायणापुढे माणसानं वाकून नमस्कार करावा आणि बाजूला व्हावं, अशी रीत आहे. चिंतामणी चौबळ वाकले ते वाकलेलेच राहिले. मागे तीर्थप्रसादाला थांबलेली मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. ब्याण्णव सालचा वैशाख, बदलापूरजवळच्या सोनिवलीतला नवाकोरा फ्लॅट, पंखे अजून बसायचे होते, आणि अंबरनाथच्या कारखान्यातले टूलरूमचे मोठे साहेब चौरंगापुढे कंबरेत अडकल्यासारखे उभे. "साहेब एवढे भाविक असतील असं वाटलं नव्हतं," मागून कुणीतरी कुजबुजलं.

भाविक कसले! चौबळांनी देवाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. केळीच्या खुंटाशी एक पितळी धूपदाणी ठेवली होती, मुठीत मावेल एवढी. खाली ताटलीत धूप, त्यावर उभं नळकांडं, आणि त्यातून धुराची सरळ रेघ वर चाललेली. नळकांड्याचा वरचा काठ बाहेर वळलेला होता आणि काठाखाली डाव्या अंगाला एक चौकोनी ठिगळ होतं. ठिगळाच्या तीन कोपऱ्यांवर तीन बारीक रिव्हेट होते. चौथ्या कोपऱ्यात नुसता खळगा.

ही धूपदाणी नव्हती. हे त्यांच्या छोट्या पितळी इंजिनाचं धुराडं होतं. सात वर्षांपूर्वी ते घरातून नाहीसं झालं होतं आणि त्यापायी त्यांनी एका मित्राला चोर ठरवलं होतं.

"साहेब, बरं वाटत नाहीये का?" घराचा मालक गुरुदत्त पुढे आला. तो चौबळांच्या हाताखाली काम करायचा.

"हे कुठून आणलं?" चौबळांनी धूपदाणी उचललीच. चटका बसला तरी सोडली नाही.

गुरुदत्तची बायको मीनल एकदम खुलली. "छान आहे ना? उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये मिळते. आता सगळ्यांकडे हीच असते. धूर कसा सरळ वर जातो बघा! आणि हे तीन ठिपके आहेत ना, ते ब्रह्मा, विष्णू, महेश."

"आणि हा खळगा?"

"तो निराकार, असं आमच्या सासूबाई म्हणतात."

चौबळांनी धूपदाणी खाली ठेवली आणि प्रसाद न घेता जिना उतरले. निराकार म्हणे! मनमाडच्या यार्डात कोळशाच्या क्रेनचं बकेट लागून खऱ्या, मोठ्या इंजिनाच्या धुराड्याला पडलेलं भगदाड होतं ते. शेडच्या माणसांनी ठिगळ मारून बुजवलं होतं आणि चौथा रिव्हेट कधीतरी गळून पडला होता.

आता हे इंजिन प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. चौबळांचं लहानपण मनमाडला गेलं. वडील मालधक्क्यावर कारकून. मागच्या खिडकीतून यार्ड दिसायचं आणि यार्डात दिवसभर डबे ढकलणारं एक काळं इंजिन दिसायचं. पोरवयात माणूस कशाच्या प्रेमात पडेल याचा नेम नसतो. चौबळ त्या इंजिनाच्या प्रेमात पडले, ते पोटापाण्याला लागल्यावर, लग्न झाल्यावर, केस पिकायला लागल्यावरही पडलेलेच राहिले. तेच इंजिन पितळेत करायचं, तेही नुसतं दिखाऊ नाही तर कोळसा घातला की वाफेवर चालणारं, हा त्यांचा पण. अंबरनाथच्या घरातली मागची खोली त्यात गेली. सगळे रविवार गेले. नोकरीतल्या बढतीपेक्षा घरात इंजिनाचा नवीन बफर झाल्याचं त्यांना अप्रूप.

तरी इंजिन पुरं होईना. अडचण अशी की, एका जातीची पाचपन्नास इंजिनं कारखान्यातून निघतात तेव्हा सारखी दिसतात. मग ती वेगवेगळ्या शेडमध्ये जातात आणि त्यांचे संसार सुरू होतात. एकाचा बॉयलरवरचा घुमट मोडला की दुसऱ्याचा काढून बसवतात. कुणाची वाळूची पेटी मागे सरकते, कुणाच्या दिव्याचा खुंट वर चढतो, कुणाचं उंच धुराडं जाऊन आखूड येतं. पुस्तकातला नकाशा सगळ्या जातीचा असतो, आणि चौबळांना हवं होतं ते एकच इंजिन, त्यांच्या खिडकीतलं. म्हणून एकेका भागाचे ते दोन-दोन, तीन-तीन नमुने करायचे आणि कपाटात ठेवायचे. कपाट सुट्या भागांनी भरलं. उमाबाई, त्यांच्या पत्नी, आल्यागेल्याला सांगायच्या, "लोकांकडे मुली दाखवायचा कार्यक्रम असतो, आमच्याकडे घुमट. अजून एकही पसंत पडलेला नाही."

आणि मग बदलापूरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात चौबळांना किसन रोकडे भेटले. चौबळ बारीक तांब्याची तार मागत होते. शेजारी उभ्या असलेल्या उंच, काटक म्हाताऱ्यानं विचारलं, "कशाला हवी?"

"इंजिनाला रिव्हेट करायचेत. छोटं इंजिन. वाफेचं."

म्हातारा हसला. "मी मोठ्यावर फायरमन होतो. मनमाडला."

चौबळ तार विसरले. यार्डातलं ते इंजिन, मालधक्क्याच्या बाजूचं, आठवतं का, असं त्यांनी चाचरतच विचारलं.

"धुराड्याला ठिगळ हाय तीच गाडी ना?"

चौबळांच्या अंगावर काटा आला. ते ठिगळ त्यांनी लहानपणी रोज पाहिलं होतं, पण सांगितलं की सगळे हसायचे. भाऊ म्हणायचा, तुझ्या मनाचे खेळ. कुठल्या फोटोत ते नव्हतं, कुठल्या पुस्तकात नव्हतं. आणि आज एक अनोळखी माणूस स्वतःहून सांगत होता की तीन रिव्हेट होते, चौथा गळाला होता, आणि पहाटे इंजिन पेटवताना त्या भोकातून पहिला धूर यायचा.

तेव्हापासून दर रविवारी किसनराव चामटोलीहून सायकलनं अंबरनाथला येऊ लागले. चामटोली त्यांचं गाव. निवृत्त होऊन थोडा भाजीपाला करत होते. माणूस तोंडाचा फटकळ. "चौबळ, हा घुमट इंजिनाचा हाय का लग्नातल्या घोड्याच्या डोक्यावरचा?" असं म्हणून तीन महिन्यांचं काम एका फुंकरीत उडवून लावायचे. चौबळ चिडायचे, वाद घालायचे, आणि पुढच्या रविवारपर्यंत नवा घुमट करून ठेवायचे. उमाबाई दोघांना ओट्याजवळच बसवून वाढायच्या, कारण हात धुऊन बाहेरच्या टेबलापर्यंत येण्याइतका दम दोघांनाही नसायचा. किसनराव जेवताना विचारायचे, "वहिनी, हे इंजिन माझ्या मयताला तरी शिट्टी मारील ना?" चौबळांना उभ्या आयुष्यात असा मित्र मिळाला नव्हता.

पंच्याऐंशीच्या दिवाळीआधी धुराडं तयार झालं. नळी चौबळांनी लेथवर काढली. ठिगळ मात्र किसनरावांनी आपल्या हातानं मारलं. डोळ्यांना भिंग लावून तीन रिव्हेट ठोकले आणि चौथ्या जागी भोक तेवढं ठेवलं. "झाली पुरी," म्हणाले, आणि पिशवी उचलून सायकलवर बसून गेले. त्यानंतर चौबळ धुराड्याच्या काठाची कडी डाख देऊन झाळत बसले. ते संपतं न संपतं तोच कारखान्याची जीप दारात आली. मोठं प्रेस बंद पडलं होतं. चौबळ गेले ते दोन दिवस तिथेच. तिसऱ्या दिवशी परत आले, आंघोळ केली, आडवे झाले, आणि संध्याकाळी उठून मागच्या खोलीत गेले तर टेबलावर धुराडं नाही.

सगळं घर उलथंपालथं केलं. कपाटातला एकेक सुटा भाग बाहेर काढला. चौबळांना डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होतं: धुराडं टेबलाच्या कडेला आहे, आणि त्याच्या शेजारी किसनरावांची कापडी पिशवी.

"असेल कुठेतरी," उमाबाई म्हणाल्या. "त्यासाठी चामटोलीला जाऊ नका."

चौबळ गेले. तोंडानं चोर म्हणाले नाहीत, तेवढे ते सभ्य होते. "किसनराव, चुकून तुमच्या पिशवीत गेलं का, जरा बघा," असं म्हणाले. किसनरावांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पिशवी आणून अंगणात पालथी केली. त्यातून चष्मा, तंबाखूची डबी आणि कोथिंबिरीची जुडी पडली. किसनराव आत वळून म्हणाले, "चांगुणा, घरातलं पितळ आण सगळं बाहेर." त्यांच्या बायकोनं हंडा आणला, कळशी आणली, परात, तांबे, वाट्या, लखलखीत घासलेलं सगळं आणून अंगणात मांडलं. शेजारचे दगडी गडग्यापाशी येऊन उभे राहिले.

"मी नाय नेलं," किसनराव म्हणाले. "बघायचं असंल तर बघा."

आणि चौबळांनी बघितलं. खाली वाकून, हंड्यात हात घालून बघितलं.

किसनराव पुन्हा कधी आले नाहीत. इंजिन मागच्या खोलीत जुन्या साडीखाली झाकून पडलं, बिनधुराड्याचं. दुसरं धुराडं करणं चौबळांना कठीण नव्हतं, पण करायला बसले की हात थांबायचा आणि चीड यायची, ती किसनरावांची. कारखान्यात चहाच्या वेळी माणसांची पारख हा विषय निघाला की ते हा किस्सा सांगायचे. नाव घ्यायचे नाहीत. चामटोली म्हणायचे, रेल्वेतला म्हणायचे. चामटोलीत मनमाडचे फायरमन असे कितीसे असणार?

आता सोनिवलीच्या त्या जिन्यावरून उतरताना चौबळांना हे सगळं आठवत होतं, आणि तरीही पहिला विचार मनात आला तो असा: म्हणजे किसननं ते उल्हासनगरात विकलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कॅम्प चारला पोहोचले. विचारत विचारत एका ब्लॉकच्या मागच्या शेडमध्ये गेले. आत भट्टी धगधगत होती, वाळूच्या साच्यांतून ओतकाम चाललं होतं. दारातच एका फळीवर धूपदाण्या ओळीनं मांडल्या होत्या. चौबळ थबकले. प्रत्येकीला डाव्या अंगाला ठिगळ, प्रत्येकीला तीन रिव्हेट, प्रत्येकीला चौथा खळगा. एका इंजिनाला एकदा झालेली जखम फळीभर सारखी उमटली होती. चौबळांनी दाराची चौकट धरली.

"आओ साँई, बैठो," मालक टेकचंद पुढे आला. गुबगुबीत, हसतमुख माणूस, हाताला वाळू. "होलसेल चाहिए?"

"ये डिझाइन किसका है?"

"हमारा. एकदम ओरिजिनल." उल्हासनगरात हा शब्द ज्या थाटात उच्चारतात त्याच थाटात तो म्हणाला. "सबने कॉपी मारा, साँई. पर धुआँ सीधा इसी का जाता है. और ये दाग है ना? एक बार मैंने निकालके बनाया, साफ-सुथरा. ग्राहक बोला, ये तो नकली है! वापस डालना पडा."

"पहला पीस किधर है? जिससे साचा बनाया?"

टेकचंदनं खिळ्याला तारेनं टांगलेला एक काळवंडलेला तुकडा काढून दिला. चौबळांनी तो बाहीला पुसला. ठिगळाच्या चौथ्या कोपऱ्यात खळगा नव्हता, आरपार भोक होतं. बूड सपाट नव्हतं. गोल बॉयलरवर बसावं म्हणून आतून वळवलेलं होतं, त्यांनी स्वतः कानस मारून वळवलेलं.

"कौन बेचके गया? लंबा आदमी था? बुढ्ढा?"

"बेचके? कोई बेचके नहीं गया." टेकचंद हसला. "मोड का माल था. बर्तनवाले के पास लोग पुराना पितल देते हैं ना, स्टील लेने को? वो बोरा भरके मेरे पास आता है, गलाने को. दिवाली का सीझन था. एक फुटी हुई तपेली आई, अंदर इमली सूखके बैठी थी, पत्थर के माफिक. मैंने हथौडा मारा, तो इमली के अंदर से ये निकला. नया टाँका, चकाचक. मैं बोला, भगवान ने भेजा है."

चौबळ वाळूच्या ढिगावर खाली बसले.

चिंच! झाळकाम केलं की पितळ काळं पडतं, ते उजळायला चौबळांची रीत साधी होती. एका गळक्या तपेल्यात चिंचेचा दाट कोळ करायचा आणि भाग त्यात बुडवून ठेवायचा. तपेलं मागच्या गॅलरीत असायचं. त्या दिवशी वरची कडी झाळून झाल्यावर, जीपचा हॉर्न वाजत असताना, त्यांनी धुराडं कोळात टाकलं होतं. टाकलं होतं! आता बोटांना तो थंडगार, बुळबुळीत कोळसुद्धा आठवला. आणि सात वर्षं त्यांना स्वच्छ दिसत होतं ते टेबल, ती कड, ती पिशवी? तसं काही नव्हतंच, पिशवी तर झाळकामाआधीच किसनरावांबरोबर गेली होती. ते सगळं त्यांनी मागाहून मनात मांडलं होतं, आणि तेच खरं मानून एका माणसाच्या हंड्यात हात घातला होता.

"क्या हुआ साँई? पानी लाऊँ?"

"हे माझं आहे," चौबळ मराठीतच म्हणाले.

टेकचंदनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हुज्जत घातली नाही. "ले जाओ. मेरी तो लाइन चल पडी."

घरी आल्यावर त्यांनी धुराडं उमाबाईंपुढे ओट्यावर ठेवलं. त्यांनी ते लगेच ओळखलं. "अगं बाई! कुठे मिळालं?"

"मागच्या गॅलरीतलं माझं गळकं तपेलं कुठे गेलं होतं?"

"कुठलं, ते चिंचेचं? दिवाळीला मोडीत घातलं की. तुम्हालाच विचारून घातलं. प्रेसच्या कामावरून आलात, आंघोळीला शिरत होतात, मी विचारलं, हे गळकं तपेलं मोडीत घालू का? घाल म्हणालात." बोलता बोलता उमाबाईंचा आवाज खाली आला. "त्यात होतं हे?"

चौबळांनी मान हलवली.

उमाबाई मटकन पाटावर बसल्या. मग म्हणाल्या, "त्या मोडीवर मी स्टीलचा डबा आणला होता. तुमचा डबा. तोच घेऊन रोज कारखान्यात जाता तुम्ही."

त्याच डब्यातलं जेवून, त्याच डब्याचं झाकण लावता लावता, चौबळांनी कितीदा तो चामटोलीचा किस्सा लोकांना रंगवून सांगितला होता.

"आत्ताच्या आत्ता जा," उमाबाई म्हणाल्या.

"तूही चल ना."

"त्या वेळी एकटेच गेला होतात ना? आताही एकटेच जा."

बदलापूरहून रिक्षा करून चौबळ चामटोलीच्या फाट्याला उतरले आणि उन्हातून चालत निघाले. चालता चालता मनावरचं ओझं जरा हलकं झालं. वाटलं, आता काय, सगळं उलगडलंच आहे. चूक झाली खरी, पण चोर तर कुणीच नव्हतं! किसनराव आधी चार शिव्या हासडतील, मग तपेल्याची गोष्ट ऐकून खो खो हसतील. ब्रह्मा, विष्णू, महेश ऐकून तर लोळतील. रविवारपासून परत यायला लागतील. धुराडं बसवायला उशीर तो किती, अर्धा दिवस. चौबळांचा चालण्याचा वेग वाढला. खिशातलं धुराडं ते सारखं चाचपून बघत होते.

चांगुणाबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांनी चौबळांना ओळखलं. या म्हणाल्या नाहीत, नका येऊ असंही म्हणाल्या नाहीत. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि ओट्यावर ठेवला. तांब्या स्टीलचा होता. चौबळांनी उघड्या दारातून आत पाहिलं. मांडणीवर ओळीनं भांडी होती, सगळी स्टीलची. काहीतरी बोलायचं म्हणून ते बोलून गेले, "वहिनी, तुमची ती पितळेची भांडी केवढी सुंदर होती. कुठे गेली?"

"मोडीत घातली," चांगुणाबाई म्हणाल्या. "तुम्ही बघून गेलात ना, त्याच आठवड्यात. हंडा माझ्या आईचा होता. पण परत पाणी भरायला हातात घेववंना."

चौबळांनी तोंडाला लावायला उचललेला तांब्या कलंडला. पाणी पायावर पडलं आणि त्यांना ते कळलंही नाही. शिव्या ऐकायची त्यांची तयारी होती. या एका वाक्याची नव्हती.

तेवढ्यात परसातून किसनराव आले. वाकले होते, एका पायानं किंचित लंगडत होते. खांद्यावरच्या पंच्यानं हात पुसत ते समोर उभे राहिले. चौबळांनी धुराडं काढून त्यांच्या हातात ठेवलं आणि एका दमात बोलत सुटले. जीप, चिंच, तपेलं, मोड, टेकचंदची भट्टी, सोनिवलीचा सत्यनारायण, सगळं. "चूक माझी, किसनराव. सर्वस्वी माझी. मी तुमची माफी मागतो." हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं, ते खोटं नव्हतं.

किसनरावांनी धुराडं उन्हात धरलं. ठिगळावरून अंगठा फिरवला. भोकाला डोळा लावून पलीकडे पाहिलं, आणि क्षणभर त्यांचा चेहरा असा उजळला की चौबळांना वाटलं, जिंकलं.

"अगदी तसंच झालंय," किसनराव म्हणाले. "म्हंजे मी चोर नाय, हे आता नक्की झालं तुमचं?"

"शंभर टक्के! पुरावाच तुमच्या हातात आहे."

किसनरावांनी मान हलवली. धुराडं परत चौबळांच्या हातात दिलं.

"आणि हे गावलंच नसतं तर?"

उत्तर देण्यासाठी चौबळांनी मनात शोधलं आणि त्यांना दिसलं ते पाहून ते हादरले. हे सापडलं नसतं तर ते आले नसते. कधीच आले नसते. पुढच्या वर्षी निवृत्तीच्या समारंभातही त्यांनी तो किस्सा सांगितला असता आणि लोक हसले असते. कालसुद्धा, सोनिवलीच्या जिन्यावर, धुराडं डोळ्यांनी पाहिल्यावरही त्यांच्या मनात पहिल्यांदा आला तो चोरच.

"तर मी आलो नसतो," चौबळ म्हणाले. खोटं बोलायला त्यांची जीभ वळली नाही.

"तेच," किसनराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच चौबळांना सहन होईना. "मी तवाच सांगितलं होतं, मी नाय नेलं. त्येवढ्यावर तुम्ही परत आला असतात ना, दुसऱ्या दिवशी, महिन्यानं, कवापण, तर इंजिन काय, रूळ टाकायला आलो असतो मी. आज तुम्हाला पितळेनं सांगितलं म्हणून आलात. माझ्या शब्दाला काय आलं त्यात?"

चौबळांनी धुराडं मुठीत धरलं.

"पाणी प्या, ऊन लई हाय," किसनराव म्हणाले आणि लंगडत आत गेले. चांगुणाबाई पुन्हा मिरच्यांकडे वळल्या. चौबळ अंगणात उभे राहिले. धुराडं हुबेहूब झालं आहे, हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि तो सांगून आत गेला होता.